तरफेचं धनुष्य बिघडतं कुठे आणि जुळवायचं कसं: बोफिशिंग करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

बोफिशिंग म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारणं. त्यात बाण माशाच्या वरून जातोय म्हणून धनुष्य उघडून बसलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट बघा. तुमचे बाण सतत माशाच्या वरून जात असतील, पण कोरड्या जमिनीवर फोमच्या निशाण्यावर बरोबर लागत असतील, तर धनुष्याला हात लावू नका. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. बोफिशिंगवाल्यांचा जुना ठोकताळा असा: मासा साधारण ३ मीटर अंतरावर आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर तो दिसतो तिथून १० सेंटिमीटर खाली नेम धरा. खोली दुप्पट झाली तर नेम दुप्पट खाली, अंतर दुप्पट झालं तरी दुप्पट खाली. हे जमल्यावरही बाण वाकडेतिकडे जात असतील, सोडताना खटखट आवाज येत असेल, ओढताना मधेच अडकल्यासारखं वाटत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी रचना समजून घ्या

साधं कंपाउंड धनुष्य उघडताना जी सवय लागते ती इथे उपयोगी पडत नाही. कंपाउंडचं पेटंट हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळालं. त्यात चाकं पात्यांच्या टोकांवर असतात आणि दोरी त्या चाकांवरून फिरते. तरफेचं धनुष्य, म्हणजे लिव्हर बो, १९८० च्या दशकात अमेरिकेत ओनाईडा या नावाने गाजलं. त्याच नावाचं ऑस्प्रे हे मॉडेल आज खास मासेमारीसाठी वापरलं जातं. या धनुष्यात चाकं टोकांवर नसतात, मुठीच्या बाजूला असतात.

मधे रायझर, म्हणजे मूठ असलेला धातूचा सांगाडा. त्याला वर आणि खाली एकेक आखूड, ताठ पातं जोडलेलं असतं. (तिरंदाज त्याला लिम्ब म्हणतात. मराठीत लिहिताना झाडच डोळ्यापुढे येतं, म्हणून मी पातंच म्हणेन.) या आतल्या पात्यांमध्ये शक्ती साठते. त्यांच्या टोकाला बिजागरीवर बसवलेली असतात बाहेरची पाती. ती रिकर्व्हसारखी, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्यासारखी दिसतात, पण त्यांचं मुख्य काम वाकणं नव्हे, तरफेसारखं फिरणं आहे. दोरी थेट या बाहेरच्या पात्यांच्या टोकांत अडकवलेली असते. पात्याच्या आतल्या बाजूने एक केबल निघून रायझरजवळच्या कॅमवर, म्हणजे मुठीजवळच्या त्या चाकावर जाते. तुम्ही दोरी ओढता, बाहेरचं पातं बिजागरीभोवती फिरतं, केबल ताणली जाते, कॅम फिरतो आणि आतलं पातं वाकतं. कॅमचा आकार मुद्दाम लंबगोल ठेवलेला असतो. त्यामुळे ओढ शेवटाला आली की ताण कमी होतो. यालाच लेट-ऑफ म्हणतात.

आता खरी गंमत. वरचा आणि खालचा कॅम आपापले स्वतंत्र फिरले तर बाणाचं शेपूट कधी वर, कधी खाली जाईल. म्हणून दोन्ही कॅम एकमेकांशी टायमिंग केबलने बांधलेले असतात. बैलजोडीसारखं समजा. एक बैल अर्धं पाऊल पुढे गेला की जू तिरकं होतं आणि गाडी चाकोरी सोडते. या धनुष्याच्या दहापैकी सात-आठ तक्रारी माझ्या अनुभवात शेवटी याच अर्ध्या पावलावर येऊन थांबल्या. उरलेल्या बिजागरीवर.

एवढी गुंतागुंत असूनही बोफिशिंगवाले या धनुष्यावर जीव टाकतात, त्याला कारण आहे. बोटांनी दोरी ओढून, पूर्ण न ताणता, घाईत, बोटीत वाकून बाण सोडायचा असतो. टोकावर चाक असेल तर अशा वेळी दोरी खाचेतून उतरण्याची भीती असते. इथे दोरी रिकर्व्हसारखी टोकाला बांधलेली, त्यामुळे ती भीती नाही. शिवाय लेट-ऑफही मिळतो.

क्रम मोडू नका

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार मी स्वतः एक पूर्ण हंगाम केला. बाण सुटताना शेपूट उडायचं. मी नॉक पॉइंट, म्हणजे दोरीवरची बाण अडकवायची जागा, वर सरकवला, मग खाली, मग रेस्ट, म्हणजे बाण टेकायचा आधार, बदलला, मग दुसरा रेस्ट आणला, मग बाणच बदलले. शेवटी एकदा टॉर्च मारून पाहिलं तर खालच्या बिजागरीच्या पिनची सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) अर्धी बाहेर आलेली आणि पिन दोनेक मिलिमीटर सरकलेली. बाहेरचं पातं प्रत्येक बाणाला थोडं वेगळ्या कोनात परत येत होतं. त्याच्यावर कितीही नॉक सरकवा, काय उपयोग?

म्हणून क्रम असा: आधी स्वच्छता आणि नजरेने तपासणी, मग बिजागऱ्या, मग पात्यांचे बोल्ट आणि मापं, मग टायमिंग, मग दोरी आणि नॉक, सगळ्यात शेवटी रेस्ट आणि माशाची दोरी गुंडाळलेलं रीळ. मागची पायरी जुळली नसेल तर पुढच्या पायरीचं प्रत्येक माप खोटं असतं.

लागणारं सामान: ॲलन कीचा संच, टॉर्च, कापूस, पोलादी पट्टी, बो स्क्वेअर (दोरीला लावून काटकोन मोजायची पट्टी), दोरीला अडकवून वजन दाखवणारा काटा, पांढरा पेंट पेन, फोनचा कॅमेरा, वही, चष्मा. वही चेष्टेने लिहिलेली नाही. आजची मापं लिहिली नाहीत तर सहा महिन्यांनी काय बदललं हे कळायला काहीच आधार राहत नाही.

आणि एक ड्रॉ बोर्ड. जाड फळी, तिच्या एका टोकाला मूठ टेकवायला कापडाने किंवा रबराने गुंडाळलेला भक्कम खुंटा, दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचा विंच. विंच परत सोडतानाही पकड राहील असा हवा, नुसता खटका सोडला की सुटणारा नको. धनुष्य हाताने ओढून दोन्ही कॅमकडे एकाच वेळी बघणं कुणालाच जमत नाही. जमतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोर्डवर धनुष्य ताणलेलं असताना दोरीच्या रेषेत उभं राहायचं नाही.

पहिली पायरी: धुणं आणि बघणं

गोड्या पाण्याने धुवा, सुकवा. माशाचा चिकटा, वाळू आणि शेवाळ यांनी झाकलेली भेग दिसत नाही. मग आतल्या पात्यांवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी आणि कडांवरून. कापसाचा एखादा तंतू अडकला तर तिथे काचतंतूचा थर सुटू लागलाय. फायबरग्लासमध्ये पांढरट रेघा दिसल्या तर त्या ओरखडा आहेत की आतून उमटलेल्या, हे बोटाने चाचपून बघा. आतून असतील तर ते पातं संपलं. त्याला गोंद, टेप, इपॉक्सी काही नाही. तापलेल्या गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या धनुष्याची पाती अशी जास्त जातात.

केबलींना मात्र वेळ द्या. जुन्या धनुष्यांत त्या पोलादी असतात, वर प्लॅस्टिकचं आवरण. फसवतं ते हे आवरणच. एकदा मी एक वापरलेलं धनुष्य घेतलं, विकणाऱ्याने फक्त दोरी बदला म्हणून सांगितलं होतं. टायमिंग केबल वरून चकचकीत होती. टोकाजवळ आवरण किंचित फुगलं होतं, तिथे नख दाबलं तर आतून तांबडं पाणी आलं. पोलादी केबल बहुधा दोनच जागी तुटते: कॅमवर वळते तिथे आणि टोकाच्या दाबलेल्या घट्ट गाठीपाशी. या दोन जागा टॉर्चखाली बघा. एक जरी तार सुटून उभी राहिलेली दिसली तर केबल बदला, उरलेल्या तारांवर अजून एक फेरी मारू असा हिशेब करू नका. तुटलेली तार शोधायला बोट फिरवू नका, कापूस फिरवा. बोटात घुसलेली तार काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. कृत्रिम धाग्याच्या केबली असतील तर केसाळपणा, चपटेपणा आणि सर्व्हिंग, म्हणजे वर गुंडाळलेला संरक्षक धागा, सरकून उघडी पडलेली जागा बघा.

बदलताना जोडीने बदला. वरची नवी आणि खालची जुनी ठेवली तर दोन्हींचा ताणण्याचा हिशेब वेगळा होतो आणि टायमिंग महिनाभर जागेवर राहत नाही.

दुसरी पायरी: बिजागऱ्या

धनुष्य टेबलावर आडवं ठेवा. एका हाताने आतल्या पात्याचं टोक धरा, दुसऱ्या हाताने बाहेरचं पातं डावी-उजवीकडे हलवा. केसभर हालचाल चालते. टक् असा आवाज येऊन पातं हलत असेल तर बुशिंग, म्हणजे पिनभोवतीची नळी, झिजलंय किंवा पिन सैल आहे. वर आणि खाली सारखंच थोडं हलत असेल तर काळजी कमी. एकीकडे हलतं आणि दुसरीकडे नाही, हे वाईट.

सर्क्लिपा चारही बाजूंनी बघा. त्या खाचेत पूर्ण बसलेल्या हव्यात. पिन बाहेर काढायची झाली तर आधी धनुष्य पूर्ण सैल करा. या जातीच्या बऱ्याच धनुष्यांना त्यासाठी बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून ताण उतरवणारं यंत्र, लागत नाही, पात्यांचे बोल्ट मागे घेऊन ताण उतरवता येतो. पण किती फेऱ्या मागे घ्यायच्या हे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तो आकडा ओलांडायचा नाही. ॲल्युमिनिअमच्या आट्यांत बोल्टचे दोन-तीनच आटे उरले आणि ताण अजून बाकी असला, तर आटे उपटून बोल्ट निघतो. समोर कोण आहे हे तो बघत नाही.

काढलेली पिन काचेच्या तुकड्यावर लोळवा. वाकलेली असेल तर ती लंगडत जाते, लगेच कळतं. पिनवर चर पडला असेल तर पिन आणि बुशिंग दोन्ही बदला. बसवताना ग्रीसचा थर देऊ नका. ग्रीस वाळू गोळा करतं आणि वाळूमिश्रित ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. कोरडं वंगण, म्हणजे पीटीएफई किंवा ग्राफाइटचं, थोडंसं पुरतं. गंज सोडवायचे फवारे पाणी बाहेर काढायला चांगले, पण ते टिकणारं वंगण नव्हे. शिवाय दोरीवर आणि पात्यांच्या चिकटवलेल्या थरांवर ते उडवायचं कारण नाही.

खाऱ्या पाण्यात जाणाऱ्यांना हे काम महिन्याचं नाही, प्रत्येक फेरीचं आहे. ॲल्युमिनिअमचा रायझर, पोलादाचे स्क्रू आणि मधे खारं पाणी, एवढं असलं की ॲल्युमिनिअम स्वतः झिजत जातं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजा सुरुवात झाली.

तिसरी पायरी: बोल्ट आणि मापं

पात्यांचे बोल्ट दोन्ही हलके पूर्ण आत घ्या, मग दोन्ही सारख्या फेऱ्यांनी मागे आणा. फेऱ्या मोजून, अर्धी सुद्धा चुकवायची नाही. बोफिशिंगला ४० ते ५० पौंडांचं ओढीचं वजन पुरतं. जास्त वजनाने मासा लवकर मरत नाही, बाण मात्र तळात खोल रुततो आणि दिवसात शेकडो वेळा ओढणारा खांदा रात्री हिशेब मागतो.

आता टिलर मोजा: वरच्या पात्याच्या मुळापासून दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर, आणि खालच्याचं. दोन्हींत २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. बोल्ट सारखे असूनही फरक येत असेल तर तो बोल्टने लपवू नका. कुठलं तरी पातं थकलंय किंवा एखादी केबल लांबली आहे. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवा. कमी भरत असेल तर दोरीला पीळ द्या, जास्त असेल तर काढा.

ओढीची लांबी ज्या धनुष्यात केबल वेगवेगळ्या भोकांत अडकवून बदलते, तिथे वरचं आणि खालचं भोक एकच आहे ना ते बघा. हसू नका. दुसऱ्याने हात लावलेल्या धनुष्यात पहिली शंका मी हीच घेतो.

चौथी पायरी: टायमिंग

इथे घाई करायची नाही.

धनुष्य ड्रॉ बोर्डवर घ्या, अजून ओढू नका. पेंट पेनने प्रत्येक कॅमवर एक रेघ आणि तिच्याच समोर रायझरवर एक रेघ ओढा, दोन्ही रेघा सरळ एकमेकींपुढे. वर तशीच, खाली तशीच. बाण लावलेला नसल्यामुळे दोरी हातातून किंवा हुकातून सुटू द्यायची नाही, हे आता आणि पुढेही.

विंच फिरवत दोरी पाच-पाच सेंटिमीटर ओढा. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही कॅमचा फोटो काढा, सारख्याच अंतरावरून, समोरून. टोकाला गेल्यावर तशाच टप्प्यांनी परत सोडा आणि परतीचेही फोटो काढा. मग सावलीत बसून फोटो शेजारी शेजारी लावून बघा. चित्र तीन-चार प्रकारचं निघतं.

सुरुवातीलाच एक कॅम पुढे असेल आणि तेवढाच फरक शेवटपर्यंत राहत असेल, तर हे जुळवणीचं काम आहे. टायमिंगचा ॲडजस्टर हलवून ते सुटतं.

सुरुवातीला जुळलेले असून ओढता ओढता फरक वाढत गेला, तर टायमिंग केबल ढिली पडलीय, लांबतेय, किंवा दोन आतली पाती सारखी वाकत नाहीयेत. आधी केबल बघा, मग बोल्टच्या फेऱ्या परत मोजा.

ओढताना जुळलेले आणि परत सोडताना वेगळे, किंवा उलट, तर घर्षण. ॲडजस्टर अजिबात हलवू नका, परत बिजागरीकडे आणि कॅमच्या बेअरिंगकडे जा. काटा लावून त्याच ओढीवर जातानाचं आणि येतानाचं वजन मोजलं तर हे आकड्यातही दिसतं. थोडा फरक प्रत्येक धनुष्यात असतोच. पण वहीत मागच्या हंगामात लिहिलेल्या फरकापेक्षा तो स्पष्ट वाढला असेल, तर कुठेतरी वाळू शिरली आहे.

शेवटचा प्रकार: मधेच एखाद्या टप्प्याला कॅम झटका देऊन पुढे सरकतो. केबल कॅमच्या खाचेतून चढतेय किंवा तिची तुटलेली तार अडकतेय. हे दिसल्यावर बोर्डवरून उतरवा, आज बाण मारायचा नाही.

ॲडजस्टर हलवायचा तो ताण उतरवून, पाव फेरी, मग पुन्हा ओढून बघायचं. अर्धी फेरी करून वेळ वाचवायला जाल तर दुसऱ्या बाजूला जाऊन परत येण्यात दुप्पट वेळ जाईल. केबलमध्ये झोल नको, पण ती सतारीच्या तारेसारखी ताणूनही ठेवू नका. जास्त ताण दिला की बेअरिंगवर भार येतो आणि नव्याने घर्षण पदरात पडतं. पूर्ण ओढीवर दोन्ही कॅम एकाच क्षणी लेट-ऑफमध्ये उतरले पाहिजेत. हाताने ओढून पाहिल्यावर एकच उतार जाणवतो. दोन पायऱ्या उतरल्यासारखं वाटलं तर अजून काम बाकी आहे. जुळल्यावर जुन्या रेघा पुसून नव्या ओढा आणि त्या कायमच्या ठेवा. पुढच्या वेळी बोटीत बसल्या बसल्या नुसत्या नजरेने कळेल.

पाचवी पायरी: दोरी आणि नॉक

धनुष्य भिंतीला टेकवून मागे उभे राहा. दोरी दोन्ही बाहेरच्या पात्यांच्या मधोमध, त्यांच्या टोकाच्या खाचेत नीट बसलेली आणि रायझरच्या मधोमध दिसली पाहिजे. एकाच टोकाला बाजूला गेली असेल तर पातं पिळलंय किंवा दुसरी पायरी नीट झाली नाही.

नॉक पॉइंटसाठी सुरुवात रेस्टच्या काटकोनापेक्षा ६ मिलिमीटर वरून करा. बोफिशिंगचा बाण भरीव फायबरग्लासचा, बिनपिसांचा, टोकासकट १२००-१३०० ग्रेन, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास असतो. अशा बाणाला पिसं सावरत नाहीत, त्यामुळे नॉक कमी ठेवला तर शेपूट रेस्टवर आपटतं. या जड बाणाचा एक फायदाही आहे: तो धनुष्याची शक्ती नीट उचलतो, पात्यांवर आणि केबलींवर आघात कमी येतो. म्हणून याच धनुष्यातून सहज म्हणून हलका कार्बन बाण मारायचा मोह टाळा.

बाणाचा प्लॅस्टिकचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी शेपटाची खाच, हा मला धनुष्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो सैल असेल किंवा चिरलेला असेल तर दोरी त्यातून निसटते आणि रिकामं धनुष्य सुटतं. तरफेच्या धनुष्यात रिकामा झटका थेट बिजागरी आणि केबलच्या टोकांवर जातो. प्रत्येक बाणाचा नॉक चिकटवलेला आहे ना, दोरीवर हलक्या टिक् आवाजाने बसतो ना, हे निघण्यापूर्वी बघा.

सहावी पायरी: रेस्ट, रीळ आणि माशाची दोरी

रेस्टबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रोलर फिरतोय, ब्रश झिजलेला नाही, स्क्रू घट्ट आहे, एवढं झालं की पुढे चला.

रिळाचा स्क्रू मात्र प्रत्येक बाणाच्या हादऱ्याने सैल होतो आणि रीळ जड असतं, म्हणून आटे खातो. रीळ आणि रेस्टच्या स्क्रूंना सोडवता येण्याजोगं, निळं थ्रेड-लॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. पात्यांच्या बोल्टना आणि टायमिंगच्या ॲडजस्टरला ते लावू नका, ते फिरते राहिले पाहिजेत.

बाणाला बांधलेली दोरी कुठून जाते हे धनुष्य ओढून दोनदा बघा. बाणावरची सरकती रिंग, म्हणजे सेफ्टी स्लाइड, दोरीला नेहमी धनुष्याच्या पुढे ठेवते. दोरी बाणाच्या मागच्या टोकाला थेट बांधायची नाही. ती धनुष्याच्या दोरीत किंवा हातात अडकली तर ताणून थांबलेला बाण उलट तुमच्याच दिशेला येतो, आणि अशाने माणसं जबर जखमी झाली आहेत. तरफेच्या धनुष्यात एक जास्तीची भीती आहे: केबली आणि कॅम मुठीच्या जवळ असल्यामुळे सैल पडलेल्या दोरीचा वेटोळा त्यांच्यात शिरू शकतो. रिळातून बाहेर आलेली दोरी खाली मोकळी लोंबू द्या, धनुष्याभोवती गुंडाळू नका. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा, रात्रीसुद्धा.

सातवी पायरी: बाण मारून बघणं

पहिले पाच-सहा बाण माशाच्या दोरीशिवाय, त्याच वजनाचं साधं टोक लावून, तीन मीटरवरून जाड फोममध्ये. मागे माती किंवा भिंत असू दे. बाण कोणत्या कोनात घुसलाय ते बघा. शेपूट सतत वर असेल तर नॉक थोडा खाली घ्या, सतत खाली असेल तर थोडा वर. एकदा वर आणि एकदा खाली येत असेल तर नॉकला हात लावू नका, चौथ्या पायरीवर परत जा. कान उघडे ठेवा. जुळलेलं तरफेचं धनुष्य एकच घट्ट ठप् करतं. ठक्-ठक् असे दोन ठोके आले तर एक पातं दुसऱ्याच्या मागून परत येतंय, किंवा पाती टेकतात तिथलं रबर निघून गेलंय. रबर स्वस्त भाग आहे, म्हणून दुर्लक्षित राहतो. त्याशिवाय धातूवर धातू आपटत राहतो आणि मग महागडे भाग सैल व्हायला लागतात.

त्यानंतर माशाची दोरी बांधून पाण्यात, दगड नसलेल्या तळावर, बुडवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर मारा. पूर्ण ओढीने, अर्ध्या ओढीने आणि घाईत ओढून तिन्ही प्रकारे मारून बघा. बोफिशिंगमध्ये पूर्ण ओढ मिळेलच असं नाही, आणि अर्ध्या ओढीवर बाण भरकटत असेल तर धनुष्य तुमच्या कामाचं जुळलेलं नाही.

मधेच अपघात झाला तर

दोरी अडकून बाण थांबला, नॉक तुटून रिकामं सुटलं, बोटीच्या काठावर पातं आपटलं. अशा वेळी "बघू परत एकदा ओढून" हे शब्द तोंडात येऊ देऊ नका. न ओढता रेघा बघा. कॅमवरची आणि रायझरवरची रेघ सरकली असेल तर केबल किंवा पिन हलली आहे. मग आतल्या पात्यांवरून कापूस, बाहेरच्या पात्यांच्या टोकांच्या खाचा, केबलची टोकं, सर्क्लिपा. सगळं ठीक वाटलं तरी त्या दिवशी घरी नेऊन ड्रॉ बोर्डवर लावूनच पुढचा बाण.

बोटीत धनुष्य तळावर आडवं टाकू नका, हुकाला लटकवा. तळातलं पाणी आणि वाळू थेट खालच्या बिजागरीत जाते. वरच्या बिजागरीपेक्षा खालची आधी झिजते त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

नव्या केबली बसवल्यावर त्या थोड्या बसतात, लांबतात. माझी सवय अशी: नव्या केबलीनंतर पहिल्या पन्नासेक बाणांनी रेघा बघायच्या, शंभरेक बाणांनी धनुष्य परत ड्रॉ बोर्डवर घालायचं. दोन्ही वेळी पाव फेरीपेक्षा जास्त सुधारणा लागली, तर केबलचं टोक कुठेतरी घसरतंय; ते सापडेपर्यंत ॲडजस्टर फिरवत बसू नका.